पहिला स्वेटर : सैल, सरळ आणि हिशेबाचा

रायपूरचा हिवाळा फसवा असतो. डिसेंबरात दुपारी अंगावर सुती सदरा पुरतो आणि पहाटे मात्र पारा १२-१३ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. बूढापारा हा शहराचा जुना भाग, बूढा तलावाच्या काठचा. या तलावालाच आता विवेकानंद सरोवर म्हणतात. १८७७ च्या सुमारास किशोरवयीन नरेंद्रनाथ वडिलांबरोबर याच वस्तीत राहिले होते. अशा हवेत दाट, अंगाला चिकटलेल्या लोकरी कपड्याचा फारसा उपयोग नाही. सकाळी चढवावा, दहाच्या उन्हात उतरवून खांद्यावर टाकावा, असा सैल स्वेटर येथे अधिक सोयीचा. नवख्या हातालाही तोच सोपा पडतो, कारण त्याला काखेचा खोलगट घेर नाही, कंबरेचा बाक नाही. दोन मोठे चौकोन आणि दोन बाह्या एवढाच त्याचा पसारा.

आपल्या वाचकांत नागपूर-अमरावतीकडून बदली होऊन छत्तीसगडात आलेली कुटुंबे थोडी नाहीत. येथे लोकरीच्या दुकानात गेल्यावर शब्दांचा पहिला गोंधळ होतो. आपण ज्याला टाका म्हणतो तो येथील हिंदीत ‘फंदा’, आपली सुई म्हणजे ‘सलाई’ आणि लोकर म्हणजे ‘ऊन’. रायपूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत दोन्ही शब्द सुखाने नांदतात. शिवाय विणणाऱ्या मराठीत एका ओळीलाही ‘सुई’च म्हणतात, नवशिक्याने ‘दहा सुया विणा’ हे वाक्य ऐकून दहा सुया विकत आणू नयेत.

एक प्रसंग कल्पनेने समोर ठेवू. बूढापाऱ्यात बिऱ्हाड असलेल्या एका गृहिणीची मुलगी दिल्लीला शिकायला गेली आहे. दिवाळीची सुटी संपवून ती परतली आणि पाठोपाठ थंडीची बातमी आली. आईने कधीकाळी शाळेत मफलर विणला होता, त्यापुढे मजल गेलेली नाही. मुलगी हजार-बाराशे किलोमीटर दूर, माप घ्यायचे कसे? अशा वेळी कपाटात राहिलेला तिचा सर्वांत सैल सदरा कामी येतो. तो सपाट जमिनीवर पसरून काखेखालची रुंदी मोजावी. छातीचे माप ३६ इंच असेल तर सैल स्वेटरचा घेर त्याहून ८ ते १० इंच जास्त, म्हणजे ४६ इंचांच्या आसपास ठेवतात. इंचभर इकडेतिकडे झाले तरी या घाटात खपून जाते. नेमक्या मापाच्या स्वेटरात ते खपत नाही.

मात्र इंचभर आणि पाच इंच यांत फरक आहे. बहुतेक पहिले स्वेटर फसतात ते येथेच. प्रत्येक हाताची ओढ निराळी असते. कुणी लोकर घट्ट धरते, कुणी ढिली. म्हणून खरे काम सुरू करण्याआधी ३० टाक्यांचा, सहा इंच उंचीचा नमुना विणावा, तो धुवून वाळवावा आणि मधल्या चार इंचांत किती टाके व किती ओळी बसतात हे पट्टीने मोजावे. येथे दिलेला हिशेब चार इंचांत २० टाके व २८ ओळी, म्हणजे इंचाला ५ टाके व ७ ओळी असा धरला आहे. त्याऐवजी नमुन्यात १८ टाके भरले तर? तेवढ्याच टाक्यांचा स्वेटर साडेशेहेचाळीसऐवजी साडेएक्कावन्न इंच घेराचा होईल. चार इंचांत दोन टाक्यांची चूक, आणि अंगावर पाच इंचांची झोळी. टाके कमी भरले तर एक क्रमांक बारीक सुई घ्यावी, जास्त भरले तर जाड. नमुना विणायला एक संध्याकाळ जाते म्हणून तो टाळणाऱ्यांची पुढे आठवड्यांची उसवाउसव ठरलेली. उसवलेली लोकर दुसऱ्यांदा विणता येते, तिसऱ्यांदा मात्र तिचा पीळ आणि तजेला दोन्ही जातात.

सुयांच्या क्रमांकाविषयी एक खुलासा हवा. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते. तीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते. ७ क्रमांकाची सुई साडेचार मिलिमीटर जाडीची, ९ क्रमांकाची पावणेचार मिलिमीटरची. या स्वेटराला अंगासाठी ७ आणि काठासाठी ९ अशा दोन जोड्या लागतील. लांबी १४ इंचांची असावी, नाही तर ११८ टाके सुईवर दाटी करतात.

लोकर ‘डबल निट’ जाडीची, फिक्या रंगाची घ्यावी. काळ्या वा गर्द निळ्या लोकरीवर टाके दिसत नाहीत आणि चूक सापडत नाही. ॲक्रिलिक स्वस्त, धुवायला सोपी. खरी लोकर अधिक ऊबदार पण जपून वापरण्याची. पहिल्या प्रयत्नाला मिश्र लोकर उत्तम. किती घ्यावी याचा अंदाज नमुन्यावरूनच काढता येतो. या मापाच्या स्वेटराचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १,६३० चौरस इंच होते. चार इंच गुणिले चार इंचांचा तुकडा म्हणजे १६ चौरस इंच. त्याचे वजन ५ ग्रॅम भरले तर सुमारे ५१० ग्रॅम लोकर लागेल. काठ, गळा, शिवण आणि मनुष्यस्वभाव धरून ६०० ग्रॅम घ्यावी, आणि ती एकदमच घ्यावी. वेष्टनावर रंगाच्या घाणीचा क्रमांक छापलेला असतो. तो सर्व गुंड्यांवर एकच असावा. महिन्याभराने आणलेला ‘तोच’ रंग उन्हात धरला की वेगळा निघतो.

आता पाठ. ९ क्रमांकाच्या सुईवर ११८ टाके घालावेत, तेही ढिले. दोन सुलट, दोन उलट असे करत ओळ दोन सुलटांवर संपवावी. परतीच्या ओळीत समोर जसे टाके दिसतील तसे विणावे: सुलट दिसणाऱ्यावर सुलट, उलट दिसणाऱ्यावर उलट. असा ३ इंच काठ झाला की ७ क्रमांकाच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण सुरू करावी. ही वीण कडेला गुंडाळत जाते. ते पाहून घाबरू नये. तिचा स्वभावच तो आहे, शिवण घातल्यावर कड सरळ होते. एकूण उंची १६ इंच झाल्यावर दोन्ही कडांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा. बाही येथून वर बसायची आहे. काठानंतर १५४ ओळी झाल्या, म्हणजे एकूण उंची २५ इंच झाली, की सर्व टाके बंद करावेत.

टाके बंद करण्याऐवजी ते सुईवरच ठेवून खांदे जोडण्याची रीत जाणकारांना आवडते, पण सैल स्वेटराचे वजन खांद्यांवर लोंबते. बंद केलेल्या टाक्यांची कड ते वजन पेलते आणि खांदा ओघळत नाही.

पुढचा भाग अगदी पाठीसारखाच, फक्त गळ्यापाशी निराळा. काठानंतर १३४ ओळी झाल्यावर, म्हणजे २२ इंचांवर, ४३ टाके सुलट विणावेत आणि तेथूनच परतावे. उरलेले ७५ टाके जाड दोऱ्यावर घेऊन ठेवावेत. या ४३ टाक्यांवर एकूण २० ओळी विणायच्या. त्यांतील पहिल्या १२ ओळींत, दर सुलट ओळीला एकदा, गळ्याच्या कडेला दोन टाके एकत्र विणून एक टाका कमी करावा. सहा टाके कमी होऊन ३७ उरतील. ते बंद केले की एक खांदा झाला. मग दोऱ्यावरचे मधले ३२ टाके बंद करून दुसऱ्या बाजूचे ४३ तसेच विणावेत. ३७, ४४ आणि ३७ मिळून ११८: पाठीचा आणि पुढचा ताळेबंद येथे जुळतो. जुळला नाही तर चूक मागे कुठे तरी आहे. ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाहीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. सैल स्वेटरात खांद्याची शिवण खांद्यावर न थांबता दंडावर उतरते. त्यामुळे दुकानातल्या स्वेटराची बाही मोजून तेवढीच विणली तर ती बोटांवर लोंबते. खरी रीत अशी: मानेच्या मागच्या मध्यापासून मनगटापर्यंतची लांबी घ्यावी, ती समजा २९ इंच. त्यातून पाठीची निम्मी रुंदी, साडेअकरा इंच, वजा करावी. उरते साडेसतरा इंच, तीच बाहीची लांबी. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचे जुने, सरळ अंगाचे स्वेटर याच तत्त्वावर बेतलेले असत. १९८० च्या दशकात ढगळ स्वेटरांची फॅशन आली, तिचाही आराखडा मुळात हाच.

९ क्रमांकाच्या सुईवर ४२ टाके घालून अडीच इंच काठ विणावा. मग ७ क्रमांकाच्या सुयांवर साध्या विणीत, दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवावा, असे २५ वेळा. शंभर ओळींत टाके ९२ होतील. आणखी ६ ओळी सरळ विणून बंद करावे. अशा दोन बाह्या. दोन्ही एकाच वेळी, दोन गुंड्यांनी, एकाच सुईवर विणल्या तर लांबी चुकत नाही. एक बाही दुसरीपेक्षा आखूड होणे हा अगदी जुना आजार आहे.

चुका होणारच. दर चार-पाच ओळींनंतर टाके मोजणे हा उत्तम उपाय. कमी भरले तर टाका निसटला आहे. तो खाली शिडीसारखा दिसतो आणि क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणता येतो, सगळे उसवावे लागत नाही. जास्त भरले तर बहुधा लोकर सुईच्या चुकीच्या बाजूला राहून नवा फेरा पडला आहे. ओळीच्या मध्यावर काम थांबवू नये. परत हाती घेताना कोणत्या दिशेने जायचे हेच कळत नाही आणि विणीत भोक पडते.

एकूण सुमारे ५७ हजार टाके पडतात. मिनिटाला २० टाके असा नवशिक्याचा वेग धरला तर साडेसत्तेचाळीस तास होतात. रोज दीड तास दिला तर महिन्याभरात स्वेटर उतरतो. नोव्हेंबरच्या मध्यावर सुरुवात करणारी आई डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पार्सल बांधू शकते, आणि दिल्लीची खरी थंडी त्यानंतरच असते.

जोडण्याचा क्रम महत्त्वाचा. प्रथम एकच खांदा शिवावा. मग ९ क्रमांकाच्या सुईने गळ्याच्या कडेवरून पाठीचे ४४, पुढचे ३२ आणि दोन्ही बाजूंचे सतरा-सतरा असे ११० टाके उचलून दोन सुलट, दोन उलट विणीत इंचभर पट्टी विणावी. ती बंद करताना जाड सुई घ्यावी. घट्ट बंद झालेला गळा डोक्यातून उतरत नाही, आणि महिन्याची मेहनत तेथे अडून बसते. नंतर पट्टीसह दुसरा खांदा शिवावा. कपडा सपाट पसरून दोन दोऱ्यांच्या खुणांमध्ये बाहीची वरची कड बसवावी. शेवटी मनगटापासून काखेपर्यंत आणि तेथून खाली काठापर्यंत एकच लांब शिवण घालावी. मोकळी टोके दोन-तीन इंच लांब ठेवून आतल्या बाजूने ओवावीत. गाठ मारून कापलेले टोक पहिल्या धुण्यात सुटते.

तयार स्वेटर कोमट पाण्यात, सौम्य साबणात बुडवून, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि सावलीत सपाट पसरून मापाला बसवावा. दोरीवर टांगल्यास ओल्या लोकरीचे वजन त्याला गुडघ्यापर्यंत नेईल. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही ठेवू नये. पार्सलमध्ये उरलेल्या लोकरीचा छोटा गुंडा आणि जाड नेढ्याची एक बोथट सुई जरूर ठेवावी. वसतिगृहाच्या दाराच्या कडीला बाही अडकते, आणि त्या रंगाची लोकर तेथे मिळेलच असे नाही.