मेनू वर उघडतो तेव्हा

संकेतस्थळं बनवणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: मोबाइलसाठी बटणांची पट्टी तळाशी घेतली, तर मेनू वरच्या बाजूला उघडायचा कसा?

उत्तर एका ओळीचं आहे. सीएसएसमध्ये उपमेनूला ‘टॉप: १००%’ दिलेलं असतं, त्याजागी ‘बॉटम: १००%’ द्यायचं. उपमेनूची खालची कड बटणाच्या वरच्या कडेला टेकते आणि तो वर वाढत जातो. मधे फट मात्र ठेवू नका. माउस नेल्यावर उघडणारा मेनू असेल, तर बाण फटीत शिरताच तो मिटतो. उंचीलाही मर्यादा घाला. पानाच्या तळाखाली गेलेला मजकूर स्क्रोल करून गाठता येतो, माथ्याबाहेर गेलेला नाही. ब्राउझरच्या लेखी पान वरच्या कोपऱ्यात सुरू होतं, त्याच्या वर काहीच नसतं.

खरा पेच पुढेच आहे: क्रम कोणता लावायचा? डोळे वरून खाली वाचतात, बोट मात्र खालून वर निघतं. विंडोज ९५चा स्टार्ट मेनू आठवा. ‘प्रोग्राम्स’ सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात लांब, आणि बटणाला खेटून काय, तर ‘शट डाउन’! दिवसभर लागणारा डबा माळ्यावर आणि निघताना लागणारं कुलूप ओट्यावर.

इथे पॉल फिट्स हवे होते. ओहायो राज्य विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या हाती धातूची लेखणी दिली आणि दोन पट्ट्यांवर आलटूनपालटून टकटक करायला लावलं. पट्ट्या कधी जवळ, कधी लांब. कधी रुंद, कधी अरुंद. १९५४ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की लागणारा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर ठरतो. अंतर दुप्पट करा, पट्टीही दुप्पट रुंद करा, वेळ तेवढाच! १९६५ साली फिट्स वारले. डग्लस एंगेलबार्ट यांनी माउस जगाला दाखवला तो १९६८ मध्ये. पुढे १९७८ साली झेरॉक्सच्या स्टुअर्ट कार्ड आणि सहकाऱ्यांनी तपासलं, तर माउसही फिट्स यांच्याच सूत्राने चालत होता.

हल्ली ‘थंब झोन’ (अंगठा सहज पोचेल तो पडद्याचा भाग) म्हणून हीच गोष्ट नव्या वेष्टनात विकली जाते, तेव्हा फिट्स यांचं नाव क्वचितच निघतं. तेव्हा वाचकहो, सगळ्यात जास्त लागणारा पर्याय बटणालगत ठेवा, ओळी अंगठ्याला पुरतील इतक्या उंच करा आणि ‘लॉग आउट’ला खुशाल माळ्यावर पाठवा.