मुंगूस आत नको, हवा मात्र हवी! कोंबड्यांचा खुराडा हवेशीर कसा ठेवायचा? जाणून घ्या

चंद्रपूर/गडचिरोली : उन्हाळ्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी परिसरात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्यातच जंगलालगतच्या गावांत मुंगूस, रानमांजर, साप आणि बिबट्याच्या भीतीने खुराडा रात्री चहूबाजूंनी बंद केला जातो. शिकाऱ्यापासून वाचलेली कोंबडी मग कोंडलेल्या हवेने दगावते. सुरक्षितता आणि हवा दोन्ही कसे साधायचे, ते समजून घेऊ.

कोंबडीला उकाडा का बाधतो?
कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते. चोच उघडून धापा टाकणे हाच अंग थंड ठेवण्याचा तिचा मुख्य उपाय. श्वासातून बाहेर पडणारी वाफ उष्णता सोबत नेते. हवा कोंडली की वाफ आतच साचते आणि धापा टाकूनही उपयोग होत नाही. पंख अंगापासून दूर धरून बसलेली कोंबडी दिसली, तर तो इशारा समजावा.

नाकाला झोंबतेय?
ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू तयार होतो. हवेच्या दहा लाख भागांत तो २५ भागांपेक्षा जास्त नसावा, असे मानले जाते. तपासणी सोपी आहे. सकाळी दार उघडताच खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर वास घ्या. नाक, डोळे झोंबले तर हवा कमी पडतेय. या वायूने श्वासनलिकेला इजा होते आणि श्वसनाचे आजार बळावतात.

बांधणी कशी असावी?
- खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. लांब बाजूंवर थेट ऊन कमी पडते.
- गरम हवा वर जाते. त्यामुळे छताखाली दोन्ही बाजूंना जाळीची फट आणि खालच्या बाजूला हवा येण्यासाठी जागा ठेवा.
- फळ्या ठोकून फटी बुजवण्याऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. साधी कोंबडी जाळी शिकारी प्राणी फाडू शकतात. जाळीची खालची कड फूटभर जमिनीत गाडा.
- बिबट्याचा वावर असल्यास जाळीबाहेर मजबूत लोखंडी गज बसवा. त्याने हवा अडत नाही.
- टिनाच्या छताला वरून चुना मारा किंवा त्यावर तणसाचा थर द्या.

थंडी-पावसात काय?
गोणपाटाचे पडदे पूर्ण लावू नका. पडदा खालून वर चढवावा आणि वरची फूटभर जागा मोकळी सोडावी. त्यामुळे गार वारा थेट कोंबड्यांच्या अंगावर येत नाही आणि दमट हवा बाहेर पडते. खाली अंथरलेला धानाचा तूस नियमित खालीवर करा. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा राहिला, तर तो ओला आहे. तेवढा भाग बदला.

प्रत्येक मृत्यू उकाड्याने नसतो
जानेवारी २०२५ मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे बर्ड फ्लू आढळला होता. एकाएकी अनेक कोंबड्या दगावल्या तर त्यांना हात लावू नका, उघड्यावरही फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर लगेच कळवा.