वाचकाविना उरलेले ग्रंथ

ज्या समाजाची ग्रंथनिष्ठा जगद्विख्यात आहे, त्याच समाजाच्या घरांतून ग्रंथ कचऱ्याच्या पेटीत जावेत, हा दैवदुर्विलास अमेरिकेतील ज्यूंच्या वाट्याला आला. आणि तोही कोणा जुलमी सत्तेमुळे नव्हे, तर स्वतःच्या उत्कर्षामुळे. 1881 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेस आले. त्यांतील बहुतेकांची भाषा यिद्दिश. जर्मन कुळातली, पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील कोंदट खोल्यांत कपडे शिवणारी ही माणसे याच भाषेतील वृत्तपत्रे व कादंबऱ्या वाचीत. ‘फोरव्हर्ट्स’ या दैनिकाने 1906 पासून वाचकांची गाऱ्हाणी छापण्यास प्रारंभ केला : संसार टाकून गेलेला नवरा, सुटत चाललेला धर्माचार, कारखान्यातील पिळवणूक. इतिहासकाराला याहून अस्सल साधन कोणते हवे?

मुले मात्र इंग्रजी शिकली, डॉक्टर-वकील झाली, उपनगरांत राहावयास गेली. आईबाप निवर्तल्यावर त्यांच्या कपाटातील पुस्तके कोणालाच वाचता येईनात.

आरन लॅन्स्की या तरुण विद्यार्थ्याने 1980 साली ही पुस्तके वाचविण्यासाठी संस्था काढली. तज्ज्ञांच्या मते तेव्हा जेमतेम 70,000 यिद्दिश पुस्तके शिल्लक होती. प्रत्यक्षात दहा लाखांवर जमली. वृद्ध दाते पुस्तके नुसती हवाली करीत नसत. या तरुणांना बसवून घेत, आग्रहाने खाऊ घालीत आणि एकेका पुस्तकाची हकीकत सांगत. माझ्या मते या उद्योगाचा गाभा तेथेच आहे.

अमेरिकन ज्यूंचा इतिहास जपणाऱ्या संस्था पूर्वीही होत्याच. त्यांचे इतिहास मंडळ 1892 चे. सिनसिनाटी येथे जेकब मार्कस यांनी 1947 साली दप्तरखाना स्थापिला. त्यांचे मोल कोण नाकारील? परंतु कागद सुरक्षित राहणे आणि तो वाचता येणे या भिन्न गोष्टी होत. लॅन्स्की यांच्या अॅमहर्स्ट येथील केंद्राने हजारो पुस्तके संगणकावर सर्वांस विनामूल्य खुली केली, आणि त्याबरोबरच भाषेचे वर्ग चालविले, अनुवादक तयार केले. यिद्दिश साहित्याचा फार मोठा भाग इंग्रजीत अद्याप आलेलाच नाही, हे ध्यानी घेता अनुवादकांवरील खर्च अनाठायी म्हणता येणार नाही. ब्रुकलिनच्या हसीदी कुटुंबांत यिद्दिश आजही बोलली जाते, हे खरे; पण त्या कर्मठ समाजास या लौकिक कादंबऱ्यांचे फारसे प्रेम नाही. त्यामुळे त्यांचा नवा वाचक घडवावा लागतो तो या वर्गांतूनच.