माळेतला एकच मणी पुढे पाठवू नका



ट्विटरने (आताचे एक्स) २०१७ साली एका संदेशाची मर्यादा १४० वरून २८० अक्षरे केली. एवढ्याशा जागेत वैद्यकी कशी शिकवायची? अमेरिकेतील काही डॉक्टरांनी तोड काढली. एक प्रश्न घ्यायचा आणि उत्तर क्रमांक घातलेल्या संदेशांच्या माळेत द्यायचे. एका संदेशात एकच मुद्दा. यालाच ‘ट्विटोरियल’ म्हणतात.

आपल्या फडातले उदाहरण घेऊ.

१. घोणस चावल्यावर डॉक्टर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे का ठेवतात?
२. एरवी रक्त गोठते. गोठवणारे घटक रक्तातच असतात.
३. घोणसचे विष ते घटक संपवते.
४. म्हणून रक्त पातळच राहिले, तर प्रतिविष देतात.
५. रक्त गोठले तरी घरी सोडत नाहीत. तपासणी पुन्हा करतात.

कारण पटले की माणूस मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठतो. पण पाचवा संदेश गळला, तर ‘रक्त गोठले, चला घरी’ असे होऊन जीव जाईल. तेव्हा आम्ही एवढेच सांगतो: मोबाइलवर माळ आली तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग पुढे पाठवा; पण पाठवाल ती अख्खी.

— ऊस विकास अधिकारी