गाजर गवताचे शत्रू परदेशात, बाभळीचे आपल्याकडे

उलवे नोडच्या एका बाजूला न्हावा-शेवा बंदर आहे, तर दुसऱ्या बाजूला ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ. या दोन्ही दारांतून माणसे आणि माल येतो; त्यांच्याबरोबर बियाही येऊ शकतात. एखादे बी परक्या मातीत रुजले तर काय होते, याचे उत्तर नवी मुंबईच्या मोकळ्या भूखंडांवर आणि भरावाच्या ढिगाऱ्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या एका ओळखीच्या रोपात आहे. गाजरासारखी पाने आणि बारीक पांढरी फुले असलेले हे रोप म्हणजे गाजर गवत, अर्थात काँग्रेस गवत.

नावात गवत असले तरी ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील आहे. तिचे मूळ मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात. भारतात तिच्या प्रसाराची पहिली ठळक नोंद १९५५ मध्ये पुण्यात झाली. अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ योजनेतील गव्हातून ती आली, असे सर्रास सांगितले जाते. मात्र, या योजनेचा भारताशी करार झाला तो १९५६ मध्ये, म्हणजे पुण्यातील नोंदीनंतर. अमेरिकेने भारताला १९५१ मध्येही गहू कर्जाऊ दिला होता. त्यामुळे धान्यातून आल्याची शक्यता उरतेच. पण तिचा दोष एकाच योजनेच्या माथी मारता येत नाही.

दख्खनच्या कमी पावसाच्या प्रदेशात हे झाड झपाट्याने फोफावले. उगवल्यावर सुमारे महिनाभरात ते फुलू लागते. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येऊ शकतात आणि जमिनीत गाडल्या गेलेल्या बिया काही वर्षे जिवंत राहतात. त्यातील ‘पार्थेनिन’ या द्रव्यामुळे अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, चट्टे उठतात, तर परागकणांमुळे दम्याचा त्रास होऊ शकतो. पुण्यातील अशा त्वचारोगावर डॉ. लोणकर यांनी कॅनडातील डॉ. मिचेल आणि लंडनचे डॉ. कॅलनन यांच्यासह १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. या वनस्पतीच्या निमित्ताने झालेल्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचे हे एक सुरुवातीचे उदाहरण म्हणावे लागेल.

येथे मूळ प्रश्न असा, की मेक्सिकोत मर्यादेत राहणारे झाड येथे इतके का माजते? शास्त्रज्ञ त्याचे एक प्रमुख कारण असे सांगतात, की परदेशी निघालेली वनस्पती आपले शत्रू मायदेशीच ठेवून येते. तिची पाने कुरतडणारे किडे आणि तिच्यावर वाढणारे तांबेरा रोग नव्या भूमीत नसतात. म्हणून उपायाचा शोध तिच्या मायदेशापर्यंत न्यावा लागतो आणि तेथील शास्त्रज्ञांच्या मदतीशिवाय तो पुढे सरकत नाही.

गाजर गवताने क्वीन्सलँडमधील कुरणे व्यापल्याने ऑस्ट्रेलियाने १९७० च्या दशकात मेक्सिकोत हा शोध सुरू केला. तेथे सापडलेला ‘झायगोग्रामा’ हा भुंगेरा ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये सोडण्यात आला. भारतात तो १९८३ मध्ये बंगळुरूला आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून शेतांत सोडला गेला. महाराष्ट्रातील शेतकरी त्याला मेक्सिकन भुंगेरा म्हणून ओळखतात. पुढे तो कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि मोठा वाद उद्भवला. त्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडल्यामुळे भुंगेरे तिकडे वळतात, असे संशोधनात आढळले. तथापि, हा भुंगेरा रामबाण नव्हे. तो प्रामुख्याने पावसाळ्यात पाने खातो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो. कोरडवाहू भागात नेमकी येथेच त्याची मर्यादा उघड होते.

या कथेची दुसरी बाजू तर आपल्या बांधावरच उभी आहे. आपल्या शेताच्या कडेची बाभूळ, जिची पाने शेळ्या खातात आणि जिचे लाकूड औतांना वापरले जाते, ती क्वीन्सलँडच्या निमवाळवंटी कुरणांत उपद्रवी ठरली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला तेथे नेले आणि मेंढ्यांना सावली व चारा मिळावा म्हणून लावले. जनावरांनी शेंगा खाल्ल्या आणि शेणातून बिया दूरवर पसरवल्या. आज तिने साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र व्यापले आहे.

साहजिकच तिचे शत्रू शोधण्यासाठी ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ भारतात आले. कोईमतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेने तमिळनाडू व कर्नाटकात, तर जोधपूरच्या शुष्क वन संशोधन संस्थेने राजस्थान व गुजरातेत २००८ ते २०११ या काळात बाभळीवरील किडींची पाहणी केली. निवडक किडी ब्रिस्बेनच्या बंदिस्त प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या. पाने गुंडाळून जाळे विणणारी एक अळी आशादायक वाटली होती. पण ती चाचण्यांत ऑस्ट्रेलियातील स्थानिक बाभळींवरही वाढू लागली. त्यामुळे तिला सोडण्यात आले नाही. वरवर हे अपयश वाटेल. पण पाहुण्या किड्याने दुसरे संकट उभे करू नये, यासाठीच अशा चाचण्या असतात. कित्येक वर्षांच्या कामानंतर ‘नको’ म्हणण्याची तयारी हा या संशोधनाचा कणा आहे.

या दोन कथांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणतेही झाड जन्मतः खलनायक नसते. परिसर बदलला की त्याची भूमिका बदलते. त्याला आवर घालण्याचे ज्ञान एका देशाजवळ असते आणि त्याची झळ दुसऱ्या देशाला बसते. एकदा बस्तान बसलेल्या वनस्पतीचे समूळ उच्चाटन जवळपास अशक्य असल्याने दारातच रोखणे केव्हाही स्वस्त. म्हणूनच परदेशातून येणारे बियाणे, रोपे व धान्य यांना वनस्पती संगरोध आदेश, २००३ लागू आहे. परदेशाहून परतताना पिशवीत आणलेल्या हौशी बियाही याच नियमात येतात.

आपल्या इमारतीशेजारच्या भूखंडावर गाजर गवत दिसले, तर हातमोजे घालून ते फुलण्यापूर्वीच मुळासकट उपटावे. मेक्सिकोचा भुंगेरा आपल्या मदतीला आला आहे. पण उलव्यातील एका रोपाच्या हजारो बिया रोखणे मात्र उलवेकरांच्याच हाती आहे.