मॅट रंगाची गाडी आणि घाटातला पाऊस

नवी मोटारसायकल घ्यायची ठरली की मुलाला मॅट रंग हवा असतो आणि अब्बांना चकचकीत. आम्ही दोघांनाही एक गोष्ट सांगतो. मॅट रंगाच्या वरच्या थरात बहुधा बारीक सिलिका मिसळलेली असते. तिच्यामुळे पृष्ठभाग किंचित खडबडीत होतो आणि प्रकाश विखुरतो. पॉलिश किंवा मेण घासले की तिथे चमकणारा डाग पडतो. चकचकीत रंगावरचा हलका ओरखडा घासून काढता येतो, मॅटवरचा नाही. मग तो भागच पुन्हा रंगवावा लागतो, म्हणजे घरखर्चात भर.

दाजीपूरहून घाट उतरून फोंड्याला आलेली गाडी पावसाळ्यात तांबड्या चिखलाने माखते. वाळलेला चिखल फडक्याने पुसू नये. त्यातली रेती रंग खरवडते. गाडी सावलीत लावून आधी पाण्याने चिखल सोडवावा, मग सौम्य शाम्पू आणि मऊ फडके वापरावे, शेवटी टिपून कोरडी करावी. टाकीवर पेट्रोल सांडले किंवा पाखराने घाण केली तर लगेच धुवावे. सर्व्हिसिंगला देताना ‘पॉलिश नको’ असे आधीच सांगावे.

एवढी सवय मुलगा लावून घेणार असेल तर मॅट जरूर घ्यावी. नाहीतर अब्बांचाच रंग बरा!