रोमच्या बाजारात तेरचे कापड

यवतमाळच्या माणसाला कापसाविषयी कोणी काही शिकवू नये, असा आमच्याकडे एक अलिखित दंडक आहे. आम्ही कापसाच्या गंजीवर लोळून वाढलेले. सरकीचा वास आमच्या नाकात आणि भावाची चिंता घरातल्या कर्त्या माणसाच्या कपाळावर कायमची बसलेली. तेव्हा मराठवाड्यातले एक आडबाजूचे गाव आम्हांला कापसाच्या व्यापाराचा धडा देईल, हे आमच्या मंडळींपैकी कोणालाही आधी सांगून पटले नसते. तेरने तो धडा दिला, आणि तोही दोन हजार वर्षांपूर्वीचा.

त्याचे असे झाले. आमची मंडळी निघाली होती तुळजापूरला. नागपूरहून निघणारा तुळजापूरचा महामार्ग यवतमाळवरूनच जातो. आर्णी, महागाव, उमरखेड, हदगाव करीत तो नांदेडला पोचतो आणि तेथून लातूरमार्गे भवानीच्या पायांशी. नवस फेडणाऱ्यांची बस, त्यामुळे सामानात नारळ आणि दशम्या यांचाच भरणा जास्त. आयोजकांनी मधला एक दिवस तेरसाठी राखून ठेवला होता आणि पत्रकात छापले होते, ‘रोमन काळातील अवशेष व पुराणवस्तुसंग्रहालय, मार्गदर्शकासह’. ते वाचून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गंभीरपणे विचारले, “मंग पासपोर्ट लागन काय जी?”

पासपोर्ट लागत नाही. आणि रोमन लोकांनी तेरला काही बांधले असेल अशी ज्याची अपेक्षा असेल त्याने ती लातूरलाच सोडून यावी. तेथे खांबांच्या रांगा नाहीत, रंगमंडळ नाही. रोमचे राज्य या बाजूला कधीच आले नाही. आला तो रोमचा पैसा आणि रोमचा माल. त्याच्या खुणा मातीत आहेत आणि मातीतून निघून कपाटात बसल्या आहेत. आमच्या मते हे राज्य येण्यापेक्षा बरेच बरे.

लातूरहून सकाळी निघालो आणि मुरूडवरून तेरला पोचलो. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीकाठचे गाव. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी एके काळी या बाजूने धावत असे. आता तो मार्ग रुंद झाला आहे. आम्हा यवतमाळकरांना लगेच आपल्या शकुंतलेची आठवण झाली. तिच्या रुळांवरून आता गाडी धावत नाही. पण ती बांधली कशासाठी, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. वऱ्हाडचा कापूस मुंबईला न्यायचा, तेथून बोटीने मँचेस्टरला. कापूस आमचा, कापड त्यांचे.

आमचे मार्गदर्शक तेरचेच एक निवृत्त शिक्षक. डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी, आणि आवाज चाळीस मुलांच्या वर्गाला पुरेल असा. त्यांनी बसमधून उतरताच आम्हांला झाडाखाली बसवले आणि प्रथम एका परक्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषा लिहिणाऱ्या कोणा एका माणसाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. कोठे खडक आहेत, कोठे कोणता माल मिळतो, कोणत्या राजाला नजराणा काय द्यावा, असा सगळा रोकडा व्यवहार तिच्यात आहे. लेखकाने स्वतःचे नावसुद्धा सांगितलेले नाही. या वहीत भडोचच्या दक्षिणेच्या दोन मोठ्या बाजारपेठा येतात. एक पैठण, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तिच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, फार मोठे शहर, नाव तगर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड येतात आणि तगरहून पुष्कळसे साधे कापड व नाना तऱ्हेची मलमल. हा सारा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरात उतरतो.

“म्हणजे तीस दिवस बैलगाडीत,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही काल किती वेळात आलात?”

“सकाळी निघालो, दिवस कलला तवा लातूर,” कोणीतरी उत्तरले, आणि आदल्या दिवशी कंबर दुखल्याची तक्रार करणारे सगळे एकदम गप्प झाले.

हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर विद्वानांनी बराच काळ वाद घातला. कोणी जुन्नर म्हणे, कोणी दौलताबाद. कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ अशी पदवी मोठ्या अभिमानाने मिरवली, पण गाव कोठे ते काही सांगितले नाही. अखेर 1901 साली फ्लीट या पंडिताने ते तेर असल्याचे दाखवून दिले आणि पाठोपाठ पुराणवस्तू खात्याचे हेन्री कझेन्स येथे येऊन टेकाडे व देवळे पाहून गेले. गावातल्या माणसांना मात्र आपण कोणत्या ढिगावर बसलो आहोत याची जाणीव त्याच्याही आधी असावी. कारण पावसाळा आला की ओढ्याकाठी मणी वर येत.

टेकाडे पाहताना आमच्यातले अर्धे लोक निराश झाले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. गावाच्या अंगाला राखी-पांढुरकी मातीची उंचवट्यांची रांग, तीवर बाभळी, खाली शेळ्या. ‘पांढर’ हा शब्द आमच्याकडेही आहे. जुन्या वस्तीची, राखेची, हाडांची, शेणाची माती म्हणजे पांढर. तिच्यात खताचा कस असतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी ती गाड्या भरभरून शेतात नेली आणि घरांच्या भिंतींनाही लावली. शहरेच्या शहरे अशी ज्वारीच्या ताटांत जिरून गेली. तेरला 1958 साली बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले आणि पुढेही खात्याने वेळोवेळी खणले. विटांचा एक मोठा स्तूपही निघाला. त्याचा पाया गाडीच्या चाकासारखा, मध्ये तुंबा आणि भोवती आरे. गुरुजींनी काठीने जमिनीवर ते चाक काढून दाखविले तेव्हा कोठे आमच्या डोळ्यांपुढे काही उभे राहिले.

त्रिविक्रमाच्या देवळात शिरल्यावर मात्र सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. बाहेरून पाहावे तर मागची बाजू गोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. अजिंठ्याला डोंगरात कोरलेली चैत्यगृहे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की हे कोरलेले नाही, विटांनी रचलेले आहे. मुळात बौद्धांचे असलेले हे चैत्यगृह पुढे विष्णूचे झाले, असे कझेन्सचे मत. महाराष्ट्रातल्या उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या इमारतींत याची गणना होते. आत बळीच्या मस्तकावर पाय देणारा त्रिविक्रम. दिवाळीच्या पाडव्याला ‘इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणणारी आमची बायकामंडळी त्याच्यापुढे जराशी घुटमळली आणि मग हात जोडून पुढे झाली. येथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात. ही नवलाई ऐकून प्रत्येकाला एकेक वीट घरी न्यावीशी वाटते आणि तेच गुरुजींचे सर्वांत मोठे दुःख आहे.

पण तेरचे खरे वैभव संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय एका दुकानदाराने उभे केले. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचे व्यापारी. पदवी नाही, खाते नाही, अनुदान नाही. गावात जे जे सापडे ते ते त्यांनी वर्षानुवर्षे पदरमोड करून जमविले. नाणी, मणी, खापरे, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या अशा वीस हजारांहून अधिक वस्तू. पुढे त्यांनी तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला आणि सरकारने संग्रहालयाला त्यांचेच नाव दिले. वजनकाट्यावर बसलेल्या माणसाने मोडक्या खापराची किंमत ओळखावी, हे आमच्या बसमधल्या जिनिंगच्या एका जुन्या मुनीमांना फार भावले. ते त्या तसबिरीपुढे चांगले पाच मिनिटे उभे होते.

आत पहिल्यांदा डोळे थांबतात ते पांढऱ्या शाडूसारख्या मातीच्या स्त्रीप्रतिमांवर. दोन साच्यांत पुढचा-मागचा भाग वेगळा काढून जोडलेल्या, आतून पोकळ, आणि केसांची ठेवण अशी, की आपल्याकडची म्हणावी की परदेशातली म्हणावी असा प्रश्न पडावा. शेजारी मातीच्या गोल चकत्या. वर ओवायला नाके, आणि चकतीवर रोमन नाण्यातल्या बादशहाच्या तोंडवळ्याची नक्कल. सोन्याचे रोमन नाणे गळ्यात घालणे ज्यांना परवडत असे ते घालीत; इतरांनी मातीचे केले. आमच्यातल्या एका सूनबाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे बेन्टेक्सच की!” गुरुजींना हा शब्द इतका आवडला, की पुढच्या सहलींना ते तो वापरणार यात शंका नाही. त्यापलीकडे मातीचे रोमन घाटाचे दिवे आहेत. आणि दारू, तेल भरून आणणाऱ्या दोन कानांच्या रांजणांची खापरे तेरप्रमाणे नेवाशालाही निघाली आहेत. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी द्वारशाखा येथे आणून ठेवली आहे. लाकूड इतकी शतके टिकावे, यावर आमच्याकडच्या सुताराचा विश्वासच बसेना.

मग ती हस्तिदंती बाई. आकाराने लहान, अंगावर अलंकारांखेरीज फारसे काही नाही, आणि चेहऱ्यावर आपल्याला कोणी पाहते आहे याची पूर्ण जाणीव. तिची सख्खी बहीण शोभावी अशी एक हस्तिदंती मूर्ती इटलीत पाँपेई गावी 1938 साली सापडली आणि आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखी फुटला, पाँपेई राखेखाली गेले आणि घरातल्या सामानाबरोबर ही दख्खनची बाईही गेली. दख्खनची म्हणायचे कारण, तिच्यासारख्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला निघाल्या. तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे, त्यामुळे काही अभ्यासक वायव्येकडेही बोट दाखवितात. तो वाद चालू आहे. त्याच ज्वालामुखीच्या उत्पातात प्लिनी नावाचा रोमन ग्रंथकार मेला. त्याने आपल्या ग्रंथात तक्रार केली होती, की हिंदुस्थान दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

“पाच कोटी!” मुनीमजी म्हणाले. “अन् ते आपल्याकडे येत होते?”

“येत होते. कारण आपण कापूस विकत नव्हतो, कापड विकत होतो,” गुरुजी म्हणाले.

त्यानंतर थोडा वेळ कोणी बोलले नाही. यवतमाळच्या माणसांपुढे हे वाक्य उच्चारणे सोपे नाही. आमच्या जिल्ह्यात कापसाच्या पायी किती घरांच्या दारांना कुलपे लागली, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपापल्या गावापुरते ठाऊक होते. तगरचा विणकर सुखात होता की सावकाराच्या दारात, ते पेरिप्लसवाल्याने लिहिलेले नाही. त्याला मालाचा भाव हवा होता, विणकराचा नव्हे. पण सूत, रंग आणि विणकाम यांची मजुरी निदान या मातीत राहत होती.

एवढ्यात बाभूळगाव तालुक्यातल्या एक आजी मण्यांच्या कपाटापाशी अडून बसल्या. लाल अकीकाच्या मण्यांकडे बोट करून म्हणाल्या, “गुरुजी, हे तं आमच्या वावरात निंघतात. डवरा मारला का दोन-चार वर येतात. खापरं बी निंघतात. आमी तं धुऱ्यावर फेकून देतो.”

“आणि मण्यांचे काय करता, आजी?”

“नातू गोट्या खेयते. पाच-सहा कुंकवाच्या डब्बीत हायेत.”

गुरुजी काठी टेकून खालीच बसले. आजींच्याच तालुक्यातल्या पाचखेडला नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने 2023-24 मध्ये उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन वस्तीपासून सातवाहनांच्या व पुढच्या काळापर्यंतचे थर सापडल्याचे जाहीर केले, हे त्यांना माहीत होते. आम्हांला, यवतमाळच्या मंडळींना, ते तेरच्या माणसाने सांगितले! आर्णीच्या पांढरीतही सातवाहनकाळचे अवशेष निघालेले आहेत. त्याच आर्णीवरून काल आमची बस हॉर्न वाजवीत गेली होती.

“मण्यापेक्षा मण्याची जागा मोठी,” ते आजींना म्हणाले. “डबीतला मणी नुसता मणी. पण कोणत्या वावरात, किती खोल, कशाच्या शेजारी सापडला हे कळले, की तो बोलू लागतो. फेकू नका. वावराचे नाव आणि दिवस कागदावर लिहून त्याच पुडीत ठेवा.”

“अन् सरकारनं वावर घेतलं तं?”

प्रश्न साधा नव्हता. खेड्यापाड्यांत कित्येक वस्तू याच भीतीने विहिरीत जातात किंवा सोनाराच्या मुशीत वितळतात. गुरुजींनी खोटा दिलासा दिला नाही. ते म्हणाले, “गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळविण्याचा कायदा 1878 पासून आहे, तो पाळावाच लागतो. आणि एखादी जागा संरक्षित झाली तर तेथे बंधने येतात, हेही खरे. पण दोन खापरे दाखविली म्हणून कोणाचे शेत जात नाही. येथे आमच्या गावात कोणाच्या परसात काय सापडले ते सांगितले गेले, म्हणून तुम्ही आज ते पाहता आहात.” आजींना हे पटले की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा एकदा त्या मण्यांकडे नीट पाहिले, बाजारात गाय पाहावी तसे.

तेरला जाऊन गोरोबाकाकांचे दर्शन न घेता कोणी परतत नाही. नदीकाठी त्यांची समाधी आहे. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते हे पारखणारा कुंभार ज्या गावचा, त्याच गावची खापरे आज जगभरचे विद्वान पारखून पाहतात, हा योग मोठा विलक्षण आहे. आम्ही तेथेच दशम्या सोडल्या. चटणी मराठवाड्याची होती आणि ती खाऊन वऱ्हाडी माणसांच्याही डोळ्यांत पाणी आले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

बस तुळजापूरच्या रस्त्याला लागली तेव्हा आजी माझ्या पुढच्याच बाकावर होत्या. नातवाला फोन लावून द्या म्हणाल्या. लावून दिला. पलीकडे पोरगा काहीतरी विचारीत असावा, कारण आजी दोनदा “नाई, नाई, इकायचे नाई” म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी त्याला सांगितले, “गोट्याईतले ते लाल मणी येगये काढून ठेव. अन् वहीचं पान फाड. कोन्या वावरातले हायेत ते लिव्ह. नदीकडचं नाई रे, बाभयीजोळचं.”